अमूल्याच्या दाराचं कडं

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून सगळं लिहून ठेवायचं ठरवलंय. तोंडी काही बोलले की ह्या घरात एकच ऐकायला मिळतं, "अम्मा, तुझ्या लक्षात राहत नाही." आता तारखेसकट कागदावर राहील. मग बघू कोण कुणाला कशाची आठवण करून देतं ते.

पहिली नोंद हळदीची. काल मांजरपाटाचे तीन तुकडे बुडवले. तिन्ही फिक्के. दुप्पट घातली, तरी तसंच. चौपट घातली तेव्हा कुठे जरा पिवळेपणाची झाक दिसली. ही हळद नातजावयाच्या, रघूत्तमच्या आईनं पिरियापट्टणहून पाठवली. "आमच्या घरची हळद आहे अज्जी, विकतची नाही," असं अमूल्या मोठ्या तोऱ्यात सांगत होती. तिकडं सगळं रान तंबाखूचं. हळद कुठनं उगवली असेल देवाला ठाऊक! एक तर ती पाच वर्षांची जुनी आहे, नाहीतर तिच्यात पीठ आहे. लग्नाला वर्ष झालं नाही अन् माझी नात सासरच्या हळदीची तरफदारी करते.

मृदुलाला तुकडा दाखवला. ती म्हणाली, "आई, पिवळाधमक झालाय की." सून आहे, बोलणारच. विहिणीशी वाकडं कशाला घ्या!

५ फेब्रुवारी, बुधवार

अमूल्या आली होती. तिचं हूटगळ्ळीचं नवं घर पुरं होत आलं. सात मार्चला गृहप्रवेश.

आमच्या घरात मुलीच्या नव्या दारावरचं पहिलं तोरण माहेरच्या थोरल्या बाईनं स्वतः रंगवायचं असतं. मला माझ्या आज्जीनं रंगवून दिलं होतं. रंगाऱ्यांची घरं आता नावाला उरली. माझा शिवप्रसाद विम्याच्या ऑफिसात बसतो, त्याला तुरटी आणि खडीसाखर यातला फरक विचारा. हे होते तोवर म्हैसूरच्या कुवेंपुनगरातल्या ह्या घराच्या गच्चीवर पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही दोघं रंगवायचो. हे गेले, आता मी एकटी. पण अजून ह्या घरात रंग "बसला" असं मी म्हटल्याशिवाय कापड भांड्यातून बाहेर येत नाही. दुसऱ्या कशात मला कोण विचारतं? भाजी कुठली, विचारत नाहीत. टीव्ही कुठला, विचारत नाहीत. रंग तेवढा विचारतात.

तर आता हिला तोरण नको. फोनवर काढून दाखवलं, रीथ की काय ते. दारावर गोल कडं, त्याला फुलं-पानं.

"असलं गोल मेलेल्या माणसाच्या छातीवर ठेवतात," मी म्हटलं.

"अय्यो अज्जी, असलं बोलायचं बेड, नको ना! बाहेर लोखंडी जाळीचं दार आहे, तोरण त्यात अडकतं. हे आतल्या दारावर मधोमध बसतं. बघ ना किती छान दिसतं."

फोनवर मला सगळं तपकिरीच दिसलं. हिची पसंतीच तशी. शेवटी वेताचं कडं, त्यावर हळदीत रंगवलेली पिवळी कापडी फुलं आणि एकवीस हिरवी पानं असं ठरलं. शुभ कार्याच्या दाराला पिवळं-हिरवंच हवं, काळ्याचा ठिपकासुद्धा चालायचा नाही, हे मी दोनदा बजावलं. आजकालच्या मुलींना काळं फॅशन वाटतं.

अमूल्या निघताना मृदुला मधेच म्हणाली, "आई, पानं मी कापून देऊ का?" सत्तावीस वर्षांत कधी शेडमध्ये फिरकली नाही ही. आत्ताच का मायेचं भरतं आलं? कुठंतरी पाणी मुरतंय.

९ फेब्रुवारी, रविवार

शिवप्रसादनं शेडमधला जुना दिवा काढून नवा लावला. म्हणे, "पूर्वीच्या दुप्पट उजेड." खोटं. विजेचं बिल वाचवायला मिणमिणता आणलाय. त्या उजेडात मला सुईचं नाकसुद्धा दिसेना. बोलले तर म्हणतो, "अम्मा, एकदा डोळे दाखवू या. आजकाल अर्ध्या तासाचं काम असतं."

अर्ध्या तासाचं काम! माझ्या सासऱ्यांनाही असंच सांगितलं होतं. मोतीबिंदूच्या शिबिरात नेलं, पट्टी बांधली, पट्टी सोडली आणि डोळा गेला. म्हैसूरच्या निम्म्या रंगाऱ्यांना ज्यांच्या शब्दाचा धाक, ते कोपऱ्यात खुर्चीवर. त्या दिवसापासून त्यांना कोणी कापड दाखवलं नाही. मुद्दाम नव्हे. कुणाला सुचलंच नाही. जेवायला हाक मारायचे तेवढी. मी नवी सून होते, मला ते सगळं दिसत होतं. मला भीती वाटते. इथं लिहायला काय जातंय.

आणि माझे डोळे ठणठणीत आहेत. समोरच्यांनी घर रंगवलंय, ते मला इथनं चक्क दिसतं. मेणचट पिवळं. मृदुला म्हणते, "पांढरं आहे आई, चुन्यासारखं." मग मी वेडी का? शिवप्रसादला विचारलं, त्यानंही मान हलवली, पांढरंच म्हणे. दोघांनी ठरवून बोलावं तसं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

देवाजवळ एकच वात लावायची, हे हिला सांगून तोंड दुखलं. आज पुन्हा समईत दोन ज्योती. विचारलं तर म्हणते, "एकच आहे आई." मी समोर बसून बघते आहे, दोन! एक जरा मागे, धुरकट. तेलाची नासाडी ती नासाडी, वर साळसूद चेहरा.

लिहून ठेवते आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज पानांच्या हिरव्याला हात घातला.

आमचं हिरवं सोपं आणि अवघड. डाळिंबाची सालं उकळायची, त्यात कापडाला पिवळट रंग येतो. मग लोखंडाचं पाणी. गंजके खिळे आणि गूळ घालून मी ते संक्रांतीच्या आधीच बरणीत मुरत ठेवलंय. हे पाणी चमच्यानं घालायचं. दोन चमच्यांत मेंदीसारखं हिरवं येतं. तिथं हात थांबला पाहिजे. लोखंड अघोरी, हात थांबला नाही तर काळं. सगळी विद्या त्या थांबण्यात आहे, असं हे म्हणायचे.

दोन चमचे घातले. पिवळंच. चार घातले. पिवळंच. सात घातले, तरी भांड्यातलं कापड माझ्याकडं बघून हसतंय. मी हात आवरला. सात चमच्यांत जे पाणी चावत नाही ते लोखंडाचं पाणीच नव्हे. बरणीत कुणीतरी साधं पाणी ओतलंय.

कोण ओतणार? गच्चीवर कोण जातं? कपडे वाळत घालायला एकटी मृदुला.

आधी हळद, आता लोखंड. मला हे काम जमत नाही, म्हातारी चळली, असं ठरवायचं असेल. मग शेड पाडून सोलरची पाटी बसवायला मोकळे. शिवप्रसाद गेल्या दिवाळीत सोलरचं म्हणाला होता, मी विसरले नाही.

बरणीच्या तोंडाला फडकं बांधून वर दोरा गुंडाळला, माझ्या पद्धतीची गाठ मारली. आता बघतेच.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी चहाच्या वेळी सरळ विचारलं. "मृदुला, लोखंडाच्या बरणीला हात कुणी लावला?"

"कुणी नाही, आई."

"मग पाणी पातळ कसं झालं?"

"उलट उन्हानं आटलं असेल. वास तर केवढा मारतोय, कपडे वाळत घालताना मला नाक धरावं लागतं." मग म्हणाली, "आई, काल तुम्ही चमच्यानं घालत होतात तेव्हा भांड्यात पाहिलं मी. चांगला हिरवा आला होता हो. मी म्हणणारच होते."

काय धाडस! पिवळ्याला हिरवं म्हणते आणि तेही रंगाऱ्याच्या बाईला. हिच्या माहेरी बार्शीला तयार कापडाचं दुकान. हिला रंग कापडावरच उगवतो असं वाटतं. मी म्हटलं, "तू तुझं सांबार बघ." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं वाटतं, नीट दिसलं नाही. आणलं असेल.

दोरा तसाच आहे. गाठही माझीच. म्हणजे गाठ शिकून घेतलीय.

२२ फेब्रुवारी, शनिवार

जमलं! आज मी चमचा ठेवून दिला आणि पळी घेतली. कुणी कितीही पातळ करा म्हणावं, मी त्याच्या दुप्पट घालीन. एक पळी, दोन, तीन. चौथ्या पळीला रंग हलला. पाचव्या पळीला जे हिरवं आलं, अहाहा! गडद, भरलेलं, पावसाळ्यातल्या आंब्याच्या पानासारखं. ह्यांनासुद्धा असं गडद कधी साधलं नव्हतं. मला एकदम ह्यांची आठवण आली आणि शेडमध्ये एकटीच रडले.

मग मोठ्यानं म्हटलं, "बसला!" ऐकायला मृदुला होती, कपड्यांची बादली घेऊन दारात उभी. "आई, थोडं जास्त..."

"काय जास्त?"

भांड्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "काही नाही," म्हणाली आणि कपडे तसेच घेऊन खाली गेली. म्हणजे ओल्या कपड्यांची बादली घेऊन वर आली होती आणि तशीच खाली!

संध्याकाळी अमूल्याला फोनवर दाखवलं. तिनं बघितलं. मग म्हणते, "अज्जी, आईला फोन दे." दोघी स्वयंपाकघरात दार लोटून वीस मिनिटं कुजबुजत होत्या. मी दाराशी गेले तर आवाज बंद.

म्हातारीचं अजून जमतंय, हे पचत नाही. दुसरं काय?

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पानं झाली. रंगवलेलं कापड खळीत बुडवून, दुहेरी चिकटवून, कापून, ओलं असतानाच अंगठ्याच्या नखानं मधली शीर ओढायची. माझं नख लहानपणी अडकित्त्यानं चिरलं ते कायमचंच. त्यामुळं माझ्या पानाची शीर दुहेरी उठते, रुळांसारखी शेजारी-शेजारी. डोळे मिटून हात फिरवला तरी माझं पान मला कळतं.

एकवीस पानं कड्याला बांधली, मधेमधे फुलं. कडं माझ्या खोलीत कपाटावर ठेवलं.

मृदुला म्हणाली, "आई, आम्ही शनिवारी सामान घेऊन हूटगळ्ळीला चाललोय, कडं नेऊन ठेवू का?" मी म्हटलं, "माझ्या हातानं लावीन." संध्याकाळी शिवप्रसादनं तेच विचारलं. रात्री अमूल्यानं, फोनवर. तिघांना एकाच कड्याची एवढी काळजी! आता दुपारी झोपायचं तेसुद्धा दाराला कडी लावून.

५ मार्च, बुधवार

आज अमूल्या अर्धी रजा टाकून आली. "अज्जी, चल, तुला गृहप्रवेशाला साडी घेते." मी म्हटलं, कपाटात आहेत ढीगभर. तर गळ्यात पडून, "सुम्ने, सहजच चल ग, तू आणि मी. किती दिवस झाले आपण दोघी गेलो नाही."

गेले. नातीचा लोभ सुटत नाही. पण साडीच्या दुकानात तिनं दोन तास घालवले. इतका वेळ ती स्वतःच्या लग्नालाही बसली नव्हती. वर कॉफी, मसाला डोसा. सारखी फोन बघत होती. एक मेसेज आला तशी म्हणाली, "चल आता घरी." एकदम मोकळी झाल्यासारखी.

साडी मला बदामी वाटली, ती म्हणते मोतिया. असो. घरी आल्या आल्या कपाटावर पाहिलं, कडं जागेवर होतं. तरी माझ्या मनाची रुखरुख जाईना. एवढं प्रेम उतू यायला झालं काय?

७ मार्च, शुक्रवार

रात्र झालीय. तरी लिहिते.

हूटगळ्ळीला सकाळी सातला पोचलो. घर चांगलं आहे, ऐसपैस. दूध उतू गेलं, होम झाला. मग भटजी म्हणाले, "दाराला काय बांधायचं ते बांधा." रघूत्तमची आई, तिच्याकडची पंधरा-वीस माणसं, आमचे समाजातले सगळे दाराशी जमले. मला स्टूल दिलं. शिवप्रसादनं पिशवीतून आणलेलं कडं अमूल्यानं माझ्या हातात दिलं.

धरल्याबरोबर कळलं. पानं गुळगुळीत. सरकतात. पोलक्याच्या अस्तराचं कापड! शीर हाताला लागेना. एक पान चाचपलं, दुसरं चाचपलं, तिसरं. शिलाई मशिनची. फुलं माझी होती, पान एकही माझं नव्हतं.

मी सगळ्यांसमोर विचारलं. "माझी पानं कुठं आहेत?"

अमूल्या म्हणाली, "अज्जी, आधी लाव, मग बोलू." मी म्हटलं, "लावत नाही. ही माझी पानं नव्हेत. कुणीतरी माझी पानं काढून आपली लावलीत. आधी हळद, मग लोखंड, आता हे. विचार तुझ्या आईला."

"अज्जी, साकु, पुरे!" अमूल्या ओरडली. तिचं तोंड लालबुंद झालं असावं. "तुला माहीत तरी आहे का..."

तेवढ्यात मृदुला पुढं आली आणि तिनं लेकीचा हात दाबला. सगळ्यांच्या देखत म्हणाली, "होय आई. मी बदलली. लेकीच्या दाराला माझ्या हातचं काही असावं असं वाटलं. माझं चुकलं."

बघा! मी म्हणतच होते. कबूल झाली. रघूत्तमची आई तोंडाला पदर लावून बघत होती. कुणीतरी मागं म्हणालं, "सासूच्या हातचं काढून? शोभतं का हे?" मृदुला मान खाली घालून उभी. मी कडं स्टुलावर ठेवलं आणि आत जाऊन बसले. शेवटी रघूत्तमनं ते लावलं.

जिंकले मी. तसं वाटत मात्र नाही.

८ मार्च, शनिवार

शिवप्रसाद ऑफिसला जाताना दारात थांबला. म्हणाला, "अम्मा, तिनं काय केलं ते तुला कळलेलंच नाही." मी म्हटलं, "मग सांग की." तो म्हणाला, "तिनं शपथ घातलीय." आणि गेला.

शपथ कसली? चोरीची शपथ?

मृदुलानं ताट वाढलं, "घ्या आई" म्हणाली, नेहमीसारखं. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

१० मार्च, सोमवार

अमूल्याचा फोन नाही. तीन दिवस झाले. मी केला तर रघूत्तमनं उचलला, "ती कामात आहे अज्जी." लहानपणी मांडीवरून उतरायची नाही ही पोर. माझी पानं चोरली ती चोरली, नातही तोडली माझ्यापासून.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. पानं गेली कुठं? फेकली असतील तर कचऱ्यात सापडायला हवी होती. उद्या दोघं बाहेर जाणार आहेत, शिवप्रसादच्या साहेबांकडं जेवण आहे. मी शोधणार. एक पान जरी मिळालं तरी समाजातल्या चार बायकांसमोर ठेवीन आणि म्हणेन, बघा, हे काढून ते अस्तर लावलं. बरणीत पाणी घातलं तेही मग कबूल करावं लागेल.

११ मार्च, मंगळवार

मिळाली.

मृदुलाच्या पत्र्याच्या पेटीत, तळाशी, तिच्या लग्नातल्या शालूच्या घडीत. एकवीसच्या एकवीस. एकमेकांवर न चुरगळता ठेवलेली. हात फिरवला, माझी दुहेरी शीर. बोटांनीच ओळखली.

खिडकीशी घेऊन गेले. काय सुरेख गडद हिरवं! मनात म्हटलं, आता पुराव्यानिशी दाखवते की लोखंड पातळ होतं, म्हणून मला पळीनं घालावं लागलं. त्याला जिभेची परीक्षा आहे. लग्न होऊन आले तेव्हा ह्यांनी पहिली शिकवलेली गोष्ट ती. लोखंड कापडात किती राहिलं हे डोळ्याला नाही विचारायचं, जिभेला विचारायचं. जिभेला गोड, तर पाणी पातळ. जीभ आखडली, तर लोखंड फार.

पानाचं टोक जिभेवर ठेवलं.

जीभ आखडली. टाळा आखडला. तोंडभर गंजक्या खिळ्याची चव, एवढी की थुंकायला मोरीपर्यंत धावले. दुसरं पान घेतलं. तेच. तिसरं. तेच. दोनदा चूळ भरली तरी जाईना.

मोरीशीच खाली बसले. एवढं लोखंड डाळिंबात पडलं तर हिरवं राहत नाही. हिरवं राहूच शकत नाही. हे मी बाराव्या वर्षापासून जाणते. एवढं लोखंड म्हणजे काळं. मिट्ट काळं.

आणि मला ते हिरवं दिसतंय. आत्तासुद्धा हातात धरलंय, हिरवंच दिसतंय.

मी माझ्या नातीच्या दाराला एकवीस काळी पानं बांधून दिली होती. सात चमच्यांच्या आधीच ते हिरवं झालं होतं, मृदुला सांगत होती. बरणीत कुणी पाणी घातलं नव्हतं. समोरच्यांच्या भिंतीला पांढरं म्हणत होती, ज्योत एक म्हणत होती. सगळं मी इथं तारखेसकट लिहून ठेवलंय. आज पहिल्यापासून वाचलं. लाज वाटली, इतकी की वही बंबात घालावीशी वाटली.

दोघं नऊच्या आत आली. मृदुला पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली, मी मागोमाग गेले. पान तिच्यासमोर धरलं.

"मृदुला, हा रंग कुठला ते सांग."

ती पानाकडं बघत राहिली. पेटी उघडली म्हणून रागावली नाही. "हिरवा आहे, आई," म्हणाली.

"खरं सांग."

तिनं हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं. मग अगदी हळू म्हणाली, "काळा."

"पुरा काळा?"

"पुरा, आई."

"मग त्याच दिवशी तोंड का नाही उघडलंस? तिथं सगळ्यांसमोर का नाही सांगितलंस?"

"तुम्ही 'बसला' म्हणाला होतात ना," ती म्हणाली. "त्यावर मी कशी बोलू? आणि एवढ्या माणसांत सांगितलं असतं तर परत कुणी तुम्हाला रंग विचारला असता का?"

मी तिचा हात धरला. सत्तावीस वर्षांत कधी धरला नव्हता. "टाकून का नाही दिलीस?" विचारलं, तर म्हणाली, "तुमच्या हातची आहेत. टाकवली नाहीत." मग मीही रडले, तीही रडली. शिवप्रसाद दाराशी येऊन उभा राहिला आणि काय करावं न कळून परत गेला.

१२ मार्च, बुधवार

सकाळी अमूल्याला फोन केला. म्हटलं, तुझ्या आईनं उगाच काही बदललं नाही, माझे डोळे बदलले, हे तुझ्या सासूला मी स्वतः येऊन सांगते. ती पलीकडं हुंदके देत होती. "अज्जी, कुणाला काही सांगू बेड," म्हणाली. मी म्हटलं, सांगणार. जिनं सगळ्यांसमोर मान खाली घातली, तिची सगळ्यांसमोरच वर करायची. रविवारी जायचं ठरलं. जाताना नवी पानं न्यायची.

डोळ्यांचंही शिवप्रसादला सांगितलं, सोमवारी दाखवू म्हणून. भीती गेलेली नाही. रात्रभर सासऱ्यांची ती खुर्ची दिसत होती.

दुपारी शेडमध्ये गेले. डाळिंबाची सालं उकळली, नवा मांजरपाट बुडवला. मग जिन्यातून हाक मारली, "मृदुला, वर ये." ती पदराला हात पुसत आली आणि दारातच उभी राहिली. सवयीनं.

"आत ये. इथं भांड्याजवळ उभी राहा. मी चमच्यानं घालते, तू बघ. हिरवं झालं की थांबा म्हण."

"मी? आई, मला नाही त्यातलं..."

"डोळे आहेत ना? मग म्हण."

पहिला चमचा घातला. काठीनं ढवळलं. ती वाकून बघत होती, श्वास रोखून. दुसरा घातला. ढवळलं. मला भांड्यात पिवळंच दिसत होतं, अगदी स्वच्छ पिवळं, आणि माझा हात तिसऱ्या चमच्याला बरणीत गेलासुद्धा होता.

"थांबा," मृदुला म्हणाली.

मी थांबले. मग ती माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली, मी म्हणायची वाट बघत. मी म्हटलं, "माझ्याकडं काय बघतेस? तूच म्हण."

"बसला," ती म्हणाली. मी चमचा खाली ठेवला आणि कापड बाहेर काढलं.